सैपाकखोलीला आतून कडी

नव्या घराचा नकाशा मी काढला, असं बाबा गावात सगळ्यांना सांगतात. ते पूर्ण खरं नाही. मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात बी. ए. करते आणि माझा विषय इतिहास आहे. घर कसं बांधतात हे मला कुणी शिकवलेलं नाही. पण आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि बाबांच्या मते शिकलेल्या माणसाला सगळंच येतं. विजेचं बिल वाचता येतं, बिघडलेला मोबाईल सुरू करता येतो, बैलाला कोणतं औषध द्यायचं तेही कळतं. मग नकाशा यायलाच पाहिजे.

घरकुल मंजूर झालं तेव्हा त्यांनी मला होस्टेलवर फोन केला.

"बेटा, घर आलं आपलं. आता सैपाकखोली कुठी काढाची ते तू सांग. तुह्या मायच्या पायाचं पाहून सांगजो."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

आईच्या पायांबद्दल सांगायचं तर आधी काकूबद्दल सांगावं लागेल. ते मला नीट जमेल की नाही माहीत नाही. मी तेव्हा गावात नव्हते. जे सांगते आहे ते आईने तुटक तुटक सांगितलेलं आहे, आणि तिने ते एका दमात कधीच सांगितलं नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, जंगलाला पाठ लावून बसलेलं. जुनं घर मातीच्या भिंतींचं, वर कवेलूचं छप्पर. समोर उघडी सपरी, म्हणजे ओसरी, मधे एक खोली, आणि सगळ्यात मागे सैपाकखोली. तिचं मागचं दार सांदवाडीत उघडायचं. घरामागच्या मोकळ्या जागेला आम्ही सांदवाडी म्हणतो. तिथं पाण्याचा ड्रम, भांडे घासायचा दगड, सरपणाचा ढीग, वालाचा वेल आणि काट्यांचं कुंपण. कुंपणापलीकडे धानाची एक बांधी, मग नाला, मग झाडं. आमच्या ओळीतली सगळी घरं अशीच आहेत. समोर रस्त्याच्या बाजूला पुरुष बसतात आणि मागे बाया. मीही लहानपणापासून मागेच बसत आले. उवा काढणं, लाखोळीची डाळ निवडणं, भांडणं, हसणं, सगळं मागे.

काका-काकू आमच्यासोबतच राहायचे. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकू बोलण्यात कुणाला ऐकायची नाही. मी पहिल्यांदा होस्टेलला निघाले तेव्हा सगळे डोळे पुसत होते आणि ती म्हणाली, "शिकून आली का आमाले इंग्रजीत शिव्या देजो वो. मराठीतल्या तं मीच साऱ्या देऊन टाकल्या तुले."

त्या दिवशी दिवेलागणीच्या वेळी आई चुलीपुढे बसली होती. आमची चूल पूर्वेच्या भिंतीला होती, म्हणजे बसणारीची पाठ मागच्या दाराकडे यायची. दार उघडं होतं. दाराच्या बाहेर, हाकेवर म्हणण्याइतकंही अंतर नाही, तिथं दगडाजवळ काकू बसून राख आणि तणसाने गंज, म्हणजे भाताचं पातेलं, घासत होती. दोघींचं बोलणं चाललं होतं. दुपारी त्यांचं अंबाडीच्या भाजीवरून थोडं वाजलं होतं. मीठ कुणी जास्त टाकलं यावरून. आई म्हणत होती की मी टाकलंच नाही, तूच दुसऱ्यांदा टाकलं असशील. काकूने उत्तर दिलं नाही. आईला वाटलं, राग आला. म्हणून ती आणखी बोलत राहिली.

"मी बोलून राह्यली होती," आई सांगते. "बोलूनच राह्यली होती. मंग म्हणलं, काऊन वो, बोलत काऊन नाई? अन् मागं पाह्यलं."

गंज दगडावर होता. पाणी वाहत होतं. बाकी काहीच नव्हतं. कसला आवाज नाही, किंकाळी नाही. कुत्रीसुद्धा नंतर भुंकली. माणसं बॅटऱ्या आणि काठ्या घेऊन धावली. काकू नाल्याच्या काठी सापडली. बिबट होता. एवढंच मी लिहिते.

दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं पंचनाम्याला आली. त्यांच्यातला एक वनरक्षक अगदी तरुण होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, असं आई सांगते. काका त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत होते. कोंबड्या होत्या, शेजारच्याच्या बकऱ्या होत्या, मग माणसावर काऊन? तो बिचारा काय सांगणार? त्यांना काहीतरी समजावायचं म्हणून तो म्हणाला, "भाऊ, बसलेलं माणूस त्याले जनावर वाटते. बुटकं दिसते ना. उभ्या माणसावर तो सहसा येत नाई."

आई मागच्या दारात उभी होती. तिने ते ऐकलं.

त्यानंतर आई बसलीच नाही.

हे वाचणाऱ्याला खोटं वाटेल. मलाही फोनवर बाबांनी सांगितलं तेव्हा वाटलं की दुःखात माणूस असं करतं, होईल कमी. मग मी सुट्टीत घरी गेले आणि पाहिलं. आईने काकांकडून विटा रचून घेतल्या होत्या, सपरीत, कंबरेइतक्या उंच, आणि त्यावर चूल मांडली होती. ती उभ्याने सैपाक करत होती. भांडे ड्रमवर फळी टाकून उभ्याने घासत होती. भाकरीचं ताट खिडकीच्या लाकडावर ठेवून उभ्याने जेवत होती. रोवणीच्या दिवसांत वाकावं लागतं म्हणून ती रोवणीला गेली नाही. डोक्यावर पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या वाहून देण्याचं काम मागून घेतलं. विहारात वंदनेला सगळ्या बाया खाली बसायच्या आणि आई दाराजवळ खांबाला धरून उभी. पहिल्या-पहिल्यांदा बायांनी तिला हात धरून बसवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. शेजारची मावशी, जिची जीभ काकूइतकीच तिखट, ती एकदा रस्त्यावरून म्हणाली, "तुह्या मायनं तं पहाऱ्याची नोकरी धरली वो." म्हणाली, आणि मग स्वतःच रडायला लागली.

आई झोपायची. मधल्या खोलीत, दाराला अडसर लावून. पण झोपणं वेगळं आणि बसणं वेगळं, असं ती म्हणायची.

दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजायला लागले. घोट्याच्या वर निळ्या शिरा फुगल्या, मग कातडी काळी पडली, आणि पावसाळा संपता संपता डाव्या पायाला जखम झाली. ती भरेना. मी तिला चंद्रपूरला दवाखान्यात बोलावून घेतलं. डॉक्टर बाईंनी पट्टी केली, गोळ्या दिल्या आणि सांगितलं, "उभं राहणं कमी करा. पाय वर घेऊन बसत जा. नाहीतर ही जखम वाढत जाईल आणि मग पाय वाचवणं अवघड होईल."

"हव डॉक्टर," आई म्हणाली.

त्या दिवशी मी एक गोष्ट पाहिली. आई दवाखान्यात बाकावर बसली होती. भिंतीला पाठ टेकवून, नीट, दोन्ही पाय वर घेऊन. बसमध्येही बसूनच आली होती. मी तिला विचारलं तेव्हा ती जराशी ओशाळली आणि म्हणाली, "इथी भीत आहे न माय मागं."

बाबांचा घरकुलाचा फोन त्यानंतर थोड्याच दिवसांनी आला. म्हणून मी हो म्हणाले. मला वाटलं, ही एक संधी आहे. आईला पुन्हा बसता येईल अशी सैपाकखोली बांधायची. मला तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

होस्टेलमधल्या एका मैत्रिणीने मला मोबाईलवर सैपाकघरांचे व्हिडिओ दाखवले. एका भिंतीचा ओटा, एल आकाराचा ओटा, यू आकाराचा ओटा, समोरासमोर दोन ओटे. चूल, पाणी आणि सामान यांचा त्रिकोण कसा ठेवायचा, म्हणजे बाईला कमी चालावं लागतं. एका व्हिडिओतली सैपाकखोली आमच्या सगळ्या घरकुलाएवढी होती आणि मधोमध आणखी एक ओटा होता, सगळ्या बाजूंनी मोकळा. मैत्रीण म्हणाली, किती छान. मला तो पाहून कसंतरी झालं. त्या ओट्याशी उभं राहिलं तर कोणत्याही बाजूला तोंड करा, पाठ उघडीच.

त्या सगळ्या व्हिडिओंमध्ये बाया उभ्या होत्या. आमच्या गावात उभा ओटा म्हणजे मोठेपणा. ज्यांच्या घरी नोकरी आहे, त्यांच्याकडे तो असतो. बाकीच्यांना वाटतं आपल्याकडेही असावा. आणि मला मात्र आईला खाली बसवणारा ओटा शोधायचा होता. तसा व्हिडिओ सापडला नाही.

मी वहीच्या पानावर चौकोन काढत राहिले. शेवटी जे जमलं ते असं: सैपाकखोली मागच्या बाजूला न काढता घराच्या एका कोपऱ्यात, रस्त्याच्या बाजूला. तिला तीन बाजूंनी पक्क्या भिंती. मागचं दार नाही. खिडकी वर, छपराला लागून, धूर जायला. मोरी आतच, म्हणजे भांड्यांसाठी बाहेर जायला नको. आणि ओटा दोन उंचीचा. अर्धा उभ्याने काम करायचा, आणि आतल्या कोपऱ्यात अर्धा वीतभर उंच, ज्यावर बसून सैपाक करता येईल, पाठीला भिंत, डाव्या हाताला भिंत, तोंड दाराकडे.

मी ते घेऊन गावाला गेले. जुन्या घराच्या बाजूची पडीक जागा साफ केली होती. मिस्त्री बाजूच्या गावचा, तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्याने माझं पान उलटं-सुलटं करून पाहिलं.

"ताई, हे दोन उंचीचं काय आहे? हा ओटा लंगडा आहे का?"

"एकीकडे उभं राहायचं, एकीकडे बसायचं," मी म्हणाले.

"म्हंजे सिनेमाच्या टाकीजसारखं. खालचं तिकीट, वरचं तिकीट." तो स्वतःच हसला. मग त्याने आईकडे पाहिलं. आसपासच्या सगळ्या गावांत आमची गोष्ट माहीत होती. "बरं. आग्नेयेले येते का पण चूल?"

"आमच्यात आग्नेयबिग्नेय नाई चालत," बाबा म्हणाले. "तू फक्की मार."

त्याने चुन्याची फक्की मारली. पांढऱ्या रेघांनी जमिनीवर घर उमटलं. आमच्याकडे पाया खणायच्या आधी घरची माणसं रेघांच्या आत फिरून पाहतात. इथं खाट बसेल, इथं कोठी बसेल, असं बोलतात. बाबा पुढच्या खोलीत जाऊन हात पसरून उभे राहिले, अगदी मालकासारखे. शेजारची मावशी कुंपणावरून म्हणाली, "दारातून जा न भाऊ, भिंतीतून काय जाता? भूत हाये का तुम्ही?" सगळे हसले. आईसुद्धा थोडी हसली.

मग आई सैपाकखोलीच्या रेघांमध्ये आली. मी तिला दाखवलं. इथं गॅस, इथं चूल, इथं मोरी. ती प्रत्येक ठिकाणी जाऊन हात लांब करून पाहत होती. हात पुरतो का, पाण्याची गुंड उचलता येईल का. ती मन लावून पाहत होती आणि मला फार बरं वाटत होतं. म्हणून मी म्हणाले, "आई, या कोपऱ्यात बसून पाह्य ना. जागा पुरते का कळेल."

मिस्त्रीने खर्रा थुंकायला तोंड वळवलं. आई त्या कोपऱ्यात उभी राहिली. तिने पाठीमागे पाहिलं. रेघांपलीकडे सगळं मोकळं होतं, बांधीपर्यंत, नाल्यापर्यंत.

"रेघ आहे माय," ती म्हणाली. "भीत नाई."

आणि ती रेघांच्या बाहेर आली. दारातून नव्हे, सरळ भिंतीवरून.

खरं भांडण त्यानंतर झालं. काका तोपर्यंत एक शब्द बोलले नव्हते. ते रेघांच्या बाहेरच उकिडवे बसले होते. काकांबद्दल मी अजून लिहिलं नाही. काकू गेल्यापासून ते रोज संध्याकाळी सांदवाडीत जाऊन बसायचे. तिच्याच दगडावर. हातात काठी नाही, बॅटरी नाही. बाबा ओरडायचे, वनखात्याचे लोक सांगून गेले, शेजाऱ्यांनी समजावलं. ते म्हणायचे, हवा चांगली लागते. आई उठून उभी राहिली होती आणि काका बसले होते. घरातली दोन माणसं, एकाच गोष्टीला दोन टोकांनी धरून.

"मागचं दार कुठी आहे?" काकांनी विचारलं.

"सैपाकखोलीले नाई ठेवून राह्यलो," बाबा म्हणाले.

"मंग सरपण कुठून येईन? राख कुठी टाकन? पानी कुठी जाईन?"

"पाइप टाकू न. सरपण समोरून येईन."

"बिना मागच्या दाराचं घर असते का?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "वहिनी, तुम्ही तिले बाहेर ठेवून दार बंद करून राह्यल्या."

बाबा म्हणाले, "काय बोलून राह्यला बे?" पण आईने हात वर केला. ती काकांशी बोलताना नेहमी पदर सावरून, अर्धं वळून बोलायची. त्या दिवशी सरळ पाहून बोलली.

"दार तं उघडंच होतं भाऊजी. उघड्या दारानं मी काय केलं?"

काका उठून गेले.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मी वहीचं पान काढून पुन्हा पाहत राहिले. मला दोघांचंही बरोबर वाटत होतं, आणि जागा तेवढीच होती. शेवटी बाबांनीच तोडगा काढला. मागची छोटी खोली काकांची करायची. तिला मागचं दार, सांदवाडीत उघडणारं. मधे बसायची खोली. पुढच्या कोपऱ्यात आईची सैपाकखोली. काकांना जिकडे उघडं पाहिजे तिकडे उघडं, आईला जिकडे बंद पाहिजे तिकडे बंद. काका हो म्हणाले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पाया खणायला त्यांनीच पहिली कुदळ मारली.

आईने एकच गोष्ट वाढवायला सांगितली. भिंती डोक्याएवढ्या झाल्या होत्या तेव्हा तिने मिस्त्रीला बोलावलं.

"सैपाकखोलीले दार पाहिजे. पल्ल्याचं. अन् आतून कडी."

मिस्त्रीला वाटलं त्याने चुकीचं ऐकलं. आमच्याकडे सैपाकखोलीला चौकट असते, फार तर पडदा. दार आणि कडी घराला असते, न्हाणीला असते. "आतून कडी? बाई, भाजी पळून जाते का?"

"पाहिजे म्हंजे पाहिजे," आई म्हणाली.

बाबांनी जुन्या घराचं मागचं दार काढून आणायचं म्हटलं, लाकूड चांगलं सागाचं होतं. आईने नको म्हणून सांगितलं. मग पत्र्याचं दार घेतलं. ते आमच्या घरातलं सगळ्यात पक्कं दार आहे.

घर झालं. विहारातली माणसं आली, वंदना झाली, खीर झाली. सगळ्या बाया सैपाकखोली पाहायला आल्या. मावशी दोन उंचीच्या ओट्यावर चढून बसली आणि म्हणाली, "हे तं गादी आहे वो, राणीची. तू बसत नसशील तं मी रोज येतो बसाले." आई तिच्या शेजारी उभी राहून सगळ्यांना खीर वाढत होती. त्या दिवशी ती बसली नाही. मी मनात म्हटलं, एवढी गर्दी आहे, आज कशी बसेल? माझी परीक्षा होती, दुसऱ्या दिवशी मी चंद्रपूरला परत आले.

नंतर फोनवर मी रोज विचारायचे, आई बसते का? बाबा म्हणायचे, "काय माहीत बेटा." मला कळायचं नाही की एका घरात राहून त्यांना माहीत कसं नाही. पण ते एकदा म्हणाले, "जखम सुकून राह्यली तिची." तेव्हा मी होस्टेलच्या जिन्यात बसून रडले. मला वाटलं, जमलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी गेले तेव्हा खरं कळलं.

आई सैपाक उभ्याने करते, दार उघडं ठेवून. तोपर्यंत ती आमच्यात असते. कुणी आलं-गेलं तर बोलते. मग बाबांचं, काकांचं आणि माझं ताट वाढून बाहेर देते, आत जाते, आणि दार लावते. कडीचा आवाज येतो. मग ती आत काय करते ते आम्हाला दिसत नाही. ती जेवते. मग भांडे घासते. मोरीपाशी पाणी पडल्याचा, राखेचा खरखर आवाज येतो. तो आवाज जमिनीजवळून येतो. त्यावरून मला कळलं की ती बसली आहे.

पहिल्या दिवशी मी दार वाजवलं. "आई, मी येऊ का आत? सोबत जेवू."

आत ताट खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "नको माय."

"मी दाराकडे पाहून बसते. तू कोपऱ्यात बस."

"तू आली का दार उघडावं लागते."

"मग परत लावू ना कडी."

"तू बाहेरच राह्य," ती म्हणाली. "दोघी असलो का बोलणं होते. बोलण्यात ध्यान नाई राहत."

पूर्वी ताटावर बसलं की आई सगळ्यात जास्त बोलायची. कुणाच्या लग्नात काय झालं, कोणत्या म्हशीने दूध चोरलं. आता जेवणाच्या वेळी आमच्या घरात सगळ्यात कमी आवाज असतो. मी खिडकीतून पाहावं असंही नाही, कारण खिडकी मीच छपराला लावून ठेवायला सांगितली होती.

तिच्या पायाची जखम आता खरंच भरत आली आहे. गोळ्या चालू आहेत. सूज संध्याकाळपर्यंत येते, पण सकाळी उतरलेली असते. डॉक्टर बाईंनी पाहून सांगितलं, असंच बसत राहा. आई म्हणाली, हव डॉक्टर. या वेळी ते खरं होतं. म्हणून मला कुणाला सांगता येत नाही की काही चुकलं आहे. कुणी विचारलं तर काय चुकलं, मी काय सांगणार? ओटा बरोबर आहे. मोरीचं पाणी नीट जातं. धूर वरून निघून जातो. गावातल्या दोन घरांनी आमच्यासारखी मोरी आत काढली, मिस्त्री सांगत होता. फक्त आतून कडी कुणी बसवली नाही.

सुट्टी संपायच्या आदल्या संध्याकाळी मी आणि बाबा मधल्या खोलीत ताट घेऊन बसलो होतो. भात आणि लाखोळीचं वरण. एका बाजूला सैपाकखोलीचं पत्र्याचं दार, बंद. दुसऱ्या बाजूला काकांच्या खोलीतून आरपार दिसणारं मागचं दार, सताड उघडं. काका ताट घेऊन उंबऱ्याबाहेर बसले होते, आमच्याकडे पाठ करून. त्यांच्यापलीकडे बांधीवर अंधार उतरत होता. बाबा जेवता जेवता एकदा इकडे पाहायचे, एकदा तिकडे.

"बाबा, काकांना आत बोलवा ना," मी म्हणाले.

"बोलावलं का येतो तो?"

"आणि आईला?"

त्यांनी घास घेतला. मग जरा मोठ्याने, दोन्हीकडे ऐकू जाईल असं, म्हणाले, "वरण चांगलं झालं बाप्पा आज."

बाहेरून काकांनी मान हलवली. आतून, जमिनीजवळून, गंज सरकवल्याचा आवाज आला. बाबांनी तेवढ्यावर भागवलं आणि खाली मान घालून जेवायला लागले. मीही जेवायला लागले.